सापांच्या बाजारात पहिली फेरी

१. बाजार तोच, माल निराळा

बैलबाजार आपल्याला नवा नाही. शहाणा शेतकरी बाजारात गेला म्हणजे आधी बैलाचे दात पाहतो. मग खूर पाहतो. पाठीवरून हात फिरवतो. चार पावले चालवून बघतो. "कुठल्या गावचा? घरचा की विकत घेतलेला? का विकता?" असे विचारतो. एवढे झाल्यावर मग रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो. जो नुसता रंग आणि शिंगे पाहून बैल घेतो, तो घरी आल्यावर कपाळाला हात लावतो.

आता असा बाजार डोळ्यांपुढे आणा, की तिथे बैल नाहीत, शेळ्या नाहीत, कोंबड्याही नाहीत. तिथे साप आहेत. टेबले मांडलेली आहेत. टेबलांवर झाकणांच्या लहान लहान पेट्या आहेत. एकेका पेटीत एकेक साप आहे, आणि पेटीवर किंमत लिहिली आहे.

खोटे वाटते ना? पण युरोपात आणि अमेरिकेत असे बाजार खरोखर भरतात. तिकडे पुष्कळ लोक हौसेने घरात साप पाळतात. जर्मनी देशात हाम नावाचे शहर आहे. तिथे मोठ्या दालनांत वर्षातून ४ वेळा, म्हणजे मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर महिन्यांत, असा बाजार भरतो. त्याला 'टेरारिस्टिका' म्हणतात. साप, सरडे, कासवे, बेडूक, कोळी असे प्राणी तिथे येतात. युरोपभरचे लोक तो पाहायला लोटतात. गंमत अशी की, त्याच दालनांत गुरांचे लिलावही होत आले आहेत. म्हणजे बाजार तोच, माल मात्र निराळा.

ज्याच्या घरी आधीच एक साप आहे, असा नवखा माणूस या बाजारात पहिल्यांदा गेला तर त्याने काय पाहावे, काय विचारावे आणि काय टाळावे, ते या धड्यात आपण पाहू. त्यातून आपल्या खेड्यातल्या माणसाने काय घ्यावे, तेही शेवटी पाहू.

२. मक्याचा साप

आमचा एक जुना विद्यार्थी नोकरीच्या निमित्ताने जर्मनीत राहतो. त्याला १४ वर्षांची मुलगी आहे. तिने एक साप पाळला आहे. दिवाळीला ही मंडळी गावी आली, तेव्हा ही गोष्ट गावात पसरली. मग काय! रात्री आमच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. बाप सांगत होता, मुलगी मधून मधून भर घालीत होती, आणि गावकरी प्रश्न विचारीत होते.

पहिला प्रश्न एका आजींनी विचारला. "काय गं बाळ, चावत न्हाई का तो?"

मुलगी म्हणाली, "चिडला तर चावेल, आजी. पण त्याला विष नाही."

हा साप मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. इंग्रजीत त्याच्या नावात 'मका' हा शब्द आहे. तिकडे मक्याच्या कोठारांत उंदीर फार. उंदरांच्या मागे हा साप येई. त्यावरून हे नाव पडले असे काही जण सांगतात. त्याच्या पोटावरची नक्षी रंगीत मक्याच्या कणसासारखी दिसते, म्हणून नाव पडले असेही काही सांगतात. आपण त्याला मक्याचा साप म्हणू. अंगाचा रंग नारिंगी, त्यावर तांबडे ठिपके. लांबी साधारण ३ ते ५ फूट. नीट सांभाळला तर तो १५ ते २० वर्षे जगतो.

"मग त्याला दूध किती लागतं?" आजींनी पुन्हा विचारले.

"दूध तो पीत नाही, आजी. उंदीर खातो. पाणी पितो."

हे आपणही ध्यानात ठेवू. साप दूध पीत नाही. दूध त्याला पचत नाही. गारुडी सापाला तहानेने व्याकूळ करतो, मग बिचारा समोर येईल ते पितो. मक्याच्या सापाला मेलेला उंदीर देतात. हे उंदीर बर्फात गोठवलेले मिळतात. ते वितळवून कोमट करून देतात. मोठ्या सापाला १० ते १४ दिवसांतून एकदा खाणे पुरते. खाल्ल्यावर २ दिवस त्याला हात लावायचा नाही, नाहीतर तो खाल्लेले ओकून टाकतो.

सापाच्या अंगात आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. म्हणून त्याच्या पेटीची एक बाजू उबदार ठेवतात आणि दुसरी थंड. ज्या वेळी जे हवे, तिकडे साप आपणहून सरकतो. दडून बसायला जागा लागते, पाण्याचे भांडे लागते, आणि झाकणाला कडी लागते. कारण पेटीला फट राहिली की साप निसटलाच म्हणून समजा.

ऐकता ऐकता एक तात्या म्हणाले, "म्हंजे गुरं राखण्यापरीस ह्ये काम काय सोपं न्हाई."

अगदी खरे आहे. वर २० वर्षांचा करार!

३. बाजाराला निघताना

तर अशी ही मुलगी बापाबरोबर पहिल्यांदा सापांच्या बाजाराला निघाली. तो त्यांच्या भागातला एक लहानसा बाजार होता. निघण्यापूर्वी एका जुन्या जाणत्या साप पाळणाऱ्याने तिला चार गोष्टी सांगितल्या.

पहिली गोष्ट : आपला साप घरीच ठेव. बाजारात गर्दी असते, गोंगाट असतो, कुणाचा कसला रोग असतो. जनावराला उगाच त्रास कशाला? पुष्कळ बाजारांत पाहुण्यांना आपला प्राणी आत आणूच देत नाहीत.

दुसरी गोष्ट : काय घ्यायचे ते घरीच कागदावर लिहून ने. बाजारात गेल्यावर डोळे दिपतात. पिवळे साप, पांढरे साप, चट्ट्यापट्ट्यांचे साप! कागद हातात असला म्हणजे मन ताळ्यावर राहते.

तिसरी गोष्ट : साप घ्यायचाच असेल, तर त्याची पेटी घरी आधी मांडून, तापवून तयार पाहिजे. गोठा बांधला नाही आणि बैल घेतला, असे करायचे नाही.

चौथी गोष्ट : पहिल्या फेरीत काहीही घ्यायचे नाही. हात मागे बांधायचे आणि सगळा बाजार एकदा पाहून यायचे.

मुलीने कागदावर दोनच जिनसा लिहिल्या. पेटीची ऊब आपोआप कमीजास्त करणारे यंत्र, आणि सापाला दडायला एक पोकळ लाकूड. साप लिहिला नव्हता.

४. जनावर पाहावे कसे?

बैलाचे जसे दात, तसे सापाचेही काही पाहायचे असते.

अंग पाहावे. ते भरीव, गोल हवे. कणा वर आला असेल तर साप उपाशी आहे.

डोळे पाहावेत. ते स्वच्छ हवेत. मात्र कात टाकण्याच्या आधी सापाचे डोळे काही दिवस निळसर धुरकट होतात. तो रोग नव्हे.

तोंड व नाक पाहावे. फेस, शेंबूड नको. श्वास घेताना घरघर नको.

अंगावरची जुनी कात पाहावी. ती तुकड्यातुकड्यांनी चिकटून राहिली असेल तर राखण नीट झालेली नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गोचीड-पिसू पाहावी. सापाच्या अंगावर टाचणीच्या डोक्याएवढे काळे बारीक कीटक होतात. ते खवल्यांखाली आणि डोळ्यांच्या कडेला बसून रक्त पितात. पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके तरंगताना दिसले की ओळखावे. असा एक साप घरात आला, की घरातल्या बाकीच्या सापांनाही ते कीटक लागतात.

डोळ्यांनी पाहून झाले की तोंडाने विचारावे. हा साप कुठे जन्मला? पेटीत की रानात? काय खातो? शेवटचे कधी खाल्ले? आजवर किती वेळा कात टाकली? याचे कागद आहेत का? काही जातींच्या सापांच्या खरेदीविक्रीवर देशोदेशींनी करार करून बंधने घातली आहेत. त्यांचे कागद नसले तर घेणाऱ्याच्या मागे कायद्याचा ससेमिरा लागतो. चांगला विकणारा या प्रश्नांना कंटाळत नाही. उलट तोच आपल्याला विचारतो, "तुमच्याकडे पेटी कशी आहे? ऊब किती ठेवता?" जो हे विचारीत नाही, त्याला फक्त पैशांशी काम आहे.

५. चेंडू अजगर

एका टेबलापाशी मुलीचे पाय अडले. तिथे एक लहानसा अजगर होता. ही जात आफ्रिकेच्या पश्चिम व मध्य भागातली. भ्याला की तो डोके आत घेऊन अंगाचा गोल चेंडू करतो. म्हणून त्याला चेंडू अजगर म्हणू. आफ्रिकेत बेनिन नावाचा देश आहे. तिथे विदा या गावी या अजगरांचे देऊळ आहे. तिथले लोक त्याला मारीत नाहीत. घरात आला तर उचलून पुन्हा देवळात नेऊन सोडतात. एकीकडे असा देव मानलेला प्राणी, आणि दुसरीकडे त्याच मुलखातून परदेशी विकायला नेलेला माल. जगाची रीत ही अशी आहे.

अजगर सुंदर होता. सोनेरी अंग, त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेघा. बाजार उठायची वेळ झाली होती. विकणाऱ्याने भाव निम्मा केला. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. "बाबा, घेऊ या ना!"

बाप म्हणाला, "घेऊ. पण आधी ते चार प्रश्न विचार."

मुलीने वाकून पाहिले. अजगर मान सरळ धरू शकत नव्हता. डोके हलत होते, एका बाजूला कलत होते. या रंगाच्या अजगरांत हा दोष जन्मतःच असतो. माणसाने रंगासाठी जोड्या लावल्या, आणि रंगाबरोबर दोषही पुढच्या पिढीत उतरला. मुलीने पाण्याचे भांडे पाहिले. त्यात काळे ठिपके होते. तिने विचारले, "शेवटचे कधी खाल्ले?" विकणारा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मुलगी थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "हा ३० वर्षेसुद्धा जगेल. मी शिकायला दुसऱ्या गावी गेले, तर याचे कोण करील? आणि माझ्या घरच्या सापाला ही पिसू लागली तर?"

ती रिकाम्या हाताने परत फिरली. रिकाम्या म्हणजे सापाविना. कागदावरच्या दोन्ही जिनसा तिने घेतल्या होत्या. घरी गेल्यावर तिने आधी साबणाने हात धुतले, कपडे बदलले, आणि मग आपल्या सापाच्या पेटीला हात लावला. बाजारातून हातावर, कपड्यांवर काहीही येऊ शकते. सापांच्या अंगावर असे जंतू असतात की त्यांनी माणसाला हगवण आणि ताप होतो. म्हणून तिकडचे डॉक्टर ५ वर्षांखालच्या मुलांना साप हाताळू देऊ नका, असे सांगतात. नवा साप आणलाच, तर तो निदान महिनाभर, शक्य तर ३ महिने, दुसऱ्या खोलीत वेगळा ठेवतात. आपण नवे जनावर काही दिवस गोठ्याबाहेर बांधतो, तसेच हे.

हे ऐकून ओसरीवर कुणी काही बोलले नाही. मग ते तात्या म्हणाले, "पोरीनं बाजार केला नाही, तरी खरा बाजार तिनंच केला."

६. हौस आणि शेजारी

साप पाळणे ही हौस पाळणाऱ्याची असते, पण धोका शेजाऱ्यालाही असतो. २०१९ साली जर्मनीतल्याच हेर्ने नावाच्या शहरात एका इमारतीत एक विषारी नाग मोकळा सुटला. आसपासच्या घरांतल्या लोकांना घरे सोडून जावे लागले. काही दिवसांनी तो नाग सापडला. त्यानंतर त्या प्रांताने कायदा केला. १ जानेवारी २०२१ पासून तिथे घरात नवीन अतिविषारी साप आणायला बंदी झाली. ज्यांच्याकडे आधीपासून होते, त्यांनी सरकारात नोंद करायची, विमा काढायचा, अशी अट पडली. हौसेला कुठे तरी कुंपण घालावे लागते, ते असे.

७. आपल्याकडे काय?

त्या रात्री आमच्या गावचा एक तरणा पोरगा कोपऱ्यात बसून सगळे ऐकत होता. साप धरण्यात तो पटाईत. त्याने ८ दिवसांपूर्वी बांधावरची एक मोठी धामण धरून प्लॅस्टिकच्या पिंपात ठेवली होती. जत्रेत तंबू टाकून १० रुपये तिकिटाने ती दाखवायची, असा त्याचा बेत होता. तो म्हणाला, "मग गुरुजी, त्यांनी केलं तर हौस, आन् आमी केलं तर गुन्हा?"

प्रश्न रास्त होता. आम्ही त्या मुलीकडे पाहिले. ती म्हणाली, "दादा, माझा साप पेटीतच जन्मला. त्याचे आईबापही पेटीतच जन्मले. त्याला रान ठाऊक नाही. तुमची धामण बांधावर जन्मली. ती पिंपात खाते का?"

पोरगा खाली पाहून म्हणाला, "न्हाई. ८ दिवस झालं, उंदराला तोंड लावलं न्हाई. नाक घासून घासून रक्त आलंय."

एवढ्यात सगळे आले. रानातला साप पिंपात ठेवला की तो खात नाही, भिंतीवर तोंड घासतो, आणि झुरून मरतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्या देशात १९७२ सालापासून वन्यजीव संरक्षण कायदा आहे. आपल्याकडचा साप धरणे, घरात ठेवणे, खेळ करणे, विकणे, मारणे हा गुन्हा आहे. त्याला तुरुंग आहे, दंड आहे. परदेशी जातीचे साप कुणी पाळले असतील, तर २०२४ सालच्या नियमांप्रमाणे त्यांतल्या ठरावीक जातींची सरकारात नोंद करावी लागते.

सांगली जिल्ह्यातले बत्तीस शिराळा गाव सर्वांना ठाऊक आहे. नागपंचमीला तिथे जिवंत नाग धरून आणीत. त्यांची मिरवणूक निघे. कुणाचा नाग लांब, कुणाचा फणा उंच, अशा चढाओढी लागत. २००२ साली उच्च न्यायालयात हे प्रकरण गेले आणि असे खेळ बंद करण्याचा हुकूम झाला. पुढे तिथे नागाच्या प्रतिमेची पूजा होऊ लागली. २०२५ साली केंद्र सरकारने मोजक्या लोकांना थोड्या दिवसांसाठी, फक्त शिक्षणाच्या कामाकरिता, नाग धरण्याची परवानगी दिली. मिरवणूक आणि चढाओढ यांना ती परवानगी नव्हती. भक्ती खरी असली तरी ती जनावराच्या जिवावर बेतता कामा नये, हा यातला मुद्दा.

तिसरी गोष्ट आपल्या पोटाची. धामण बिनविषारी आहे. ती उंदीर खाते. उंदीर आपले धान्य खातात. धामण पिंपात बसली, म्हणजे आपल्या कणगीचा राखणदार आपणच कोंडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोराने आपण होऊन वनखात्याला फोन केला. वनरक्षक आले. त्यांच्या देखत ती धामण त्याच बांधावर सोडली. पिंप आडवे केले, तशी ती क्षणभर थांबली. मग सरसर घाणेरीच्या जाळीत गेली. पोरगा बराच वेळ तिकडे पाहत होता. तिकिटाचे पैसे गेले, पण अंगावरचा गुन्हा टळला.

८. ध्यानात ठेवा

आपल्या देशात साप चावून फार माणसे मरतात. २००० ते २०१९ या २० वर्षांत सुमारे १२ लाख माणसे अशी गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत शेतात राबणारेच जास्त. म्हणून :

घरात साप निघाला तर त्याला मारू नका, धरूही नका. लांब उभे राहून नजर ठेवा. वनखात्याला १९२६ या क्रमांकावर फोन करा.

साप चावला तर माणसाला धीर द्या. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. करकचून दोरी बांधू नका. जखम कापू नका, चोखू नका. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन करून लगेच सरकारी दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते. ती वेळेवर मिळाली तर माणूस वाचतो.

सापाचा खेळ करणाऱ्याला पैसे देऊ नका. पैसे मिळतात म्हणून तो नागाचे दात पाडतो, तोंड शिवतो. पैसे बंद झाले की खेळ बंद होईल.

आता या धड्यातला मुख्य विचार. जनावर बैल असो, कुत्रा असो की साप असो. ते आपले म्हणायचे, तर त्याचे खाणे, त्याची ऊब, त्याचा रोग आणि त्याचे सारे आयुष्य आपल्या अंगावर घ्यावे लागते. हे झेपत असेल तर हात पुढे करावा. झेपत नसेल, तर त्या मुलीसारखे पाहावे, विचारावे आणि परत फिरावे. यात कमीपणा नाही. आणि आपल्या बांधावरच्या सापाला तर मालक नकोच आहे. त्याला फक्त त्याची वाट मोकळी हवी आहे.

विचार करा आणि सांगा

१. बैल घेताना आपण काय काय पाहतो? साप घेणारा काय पाहतो? दोन्हींत सारखे काय आहे?

२. मुलीने अजगर का घेतला नाही? तिची तीन कारणे सांगा.

३. पेटीत जन्मलेला साप आणि बांधावर जन्मलेला साप यांत फरक काय?

४. तुमच्या गावात साप निघाला, तर तुम्ही काय कराल? वनखात्याचा क्रमांक घराच्या दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा.